रीफ टँक नवीन घेतलाय? आधी पाण्याचं गणित जमवा, मग कोरल

पुण्यात असताना माझ्याकडे गप्पी होते, मग एंजल, मग एक ऑस्कर जो बोट चावायचा. गोड्या पाण्यातले मासे म्हणजे नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं आणि टाकायचं, बास. न्यू जर्सीला आल्यावर २०१९ मध्ये ४० गॅलनचा खाऱ्या पाण्याचा टँक घेतला तेव्हा वाटलं की हे पण तसंच असणार, फक्त मीठ जास्त. नाहीये तसं. पहिल्या दीड वर्षात मी जेवढे कोरल (प्रवाळ) मारले त्यात रोगाने मेलेले दोन-तीनच असतील, बाकी सगळे माझ्या हाताने, चांगल्या हेतूने.

सगळ्यात वाईट किस्सा आधीच सांगून टाकतो. एका रविवारी संध्याकाळी टेस्ट केली, अल्कलिनिटी (पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा, खाली नीट सांगतो) ६.६ आली. कुठेतरी वाचलं होतं की ९.५ मस्त असते. मग काय, सव्वादोन चमचे खायचा सोडा पाण्यात ढवळला आणि एका दमात ओतला. पुन्हा टेस्ट केली, बरोबर ९.५, बायकोला बोलावून दाखवलं पण. तिसऱ्या दिवशी ॲक्रोपोराची (फांद्या फुटणारं कठीण कोरल) कातडी बुडापासून सोलत वर चालली होती, खाली पांढरा सांगाडा. सहा महिने वाढवलेलं कोरल चार दिवसांत गेलं. गंमत म्हणजे ६.६ वर ते नीट जगत होतं, मी त्याला एका तासात दुसऱ्याच समुद्रात नेऊन टाकलं.

तर हा लेख त्यासाठी आहे. केमिस्ट्रीची भीती वाटत असेल तर काळजी नको, दहावीचं गणित पुरतं.

भारतात असाल तर आधी हे वाचा

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल आहेत, शिवाय काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन. २००१ पासून. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसलेला सुंदर तुकडा उचलून आणणं, मेलेला असला तरी, हा गुन्हा आहे (मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून आहे). अंदमान, लक्षद्वीप, कच्छ, सगळीकडे तेच. दुकानदार "काही होत नाही हो" म्हणाला तरी कागद मागा, आणि कागद नसेल तर घेऊ नका. टँक ठेवायचाच असेल तर मासे आणि मऊ कोरलवर पण छान टँक होतो, पण त्यातही प्राणी कुठून आला आणि कुठल्या कागदावर आला ते विचारा. पाण्याचं जे खाली लिहिलंय ते तिथेही जसंच्या तसं लागू आहे, फक्त कॅल्शियम आणि सोडा खूप कमी खर्च होतो.

काय काय लागेल

- आरओ-डीआय युनिट (नळाच्या पाण्यात विरघळलेलं सगळं काढून टाकणारा फिल्टर) आणि टीडीएस मीटर (पाण्यात किती काय विरघळलंय ते दाखवणारा)
- चांगलं रीफ सॉल्ट, आणि मिसळायला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा ड्रम, त्यात फिरवायला एक छोटा पंप
- रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आणि त्याबरोबर ३५ पीपीटीचं (पीपीटी म्हणजे हजारात किती भाग) कॅलिब्रेशन लिक्विड (हे लिक्विड लोक विसरतात, आणि तिथेच सगळं बिघडतं)
- टेस्ट किट: अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट. अल्कलिनिटी आणि फॉस्फेटसाठी हॅनाचे डिजिटल चेकर परवडले तर घ्या, रंग ओळखत बसायला लागत नाही. बाकीला सॅलिफर्ट चालतं.
- ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा किचन काटा
- दोन हीटर आणि एक टेंपरेचर कंट्रोलर
- बॅटरीवर चालणारा एअर पंप
- एक वही. ॲप पण चालेल, मी वहीवाला आहे.

एवढं घेण्याआधी कोरल घेऊ नका. मी उलटं केलं होतं.

१. पाणी शून्यापासून सुरू करा

नळाचं पाणी तुम्हाला प्यायला चांगलं आहे, कोरलला नाही. त्यात क्लोरीन, काही गावांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, फॉस्फेट, सिलिका, जुन्या पाइपातलं तांबं. तांबं माशाला थोडंफार चालतं पण कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना विष. म्हणून आरओ-डीआय. आधी गाळणारा फिल्टर, मग कार्बन, मग मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य पाहिजे. एक किंवा दोन दिसायला लागला की रेझिन बदला, "एवढ्याने काय होतंय" करू नका. पुण्या-मुंबईकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मेंब्रेन आणि रेझिन खूप लवकर संपतात, तसा खर्च धरून चाला. आणि स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी यासाठी नाही, त्यात डीआय नसतो आणि चवीसाठी बऱ्याचदा मिनरल परत घातलेले असतात.

मेंब्रेनमधून एक लिटर चांगलं पाणी निघताना तीन-चार लिटर बाजूच्या नळीने वाया जातं. आई इथे सहा महिने राहायला आली होती तेव्हा तिला हे सहनच होईना, तिने सगळ्या घरातल्या बादल्या त्या नळीखाली लावल्या आणि महिनाभर फरशी, गॅरेज आणि गाडी त्याच पाण्याने धुतली. बरोबरच होतं तिचं.

आणि त्याच आईचा दुसरा किस्सा. आम्ही दोघं ऑफिसला, टँकमधलं पाणी कमी झालेलं तिला दिसलं, तर तिने देवघरातला तांब्या घेतला आणि त्याने पाणी भरलं. तांब्याचा तांब्या! पाणी आरओचंच होतं, भांड्यात क्षणभरच राहिलं होतं म्हणून काही झालं नाही, तरी मी ताजा कार्बन लावला आणि दोनदा पाणी बदललं. तुमच्या घरातल्यांना आजच सांगून ठेवा, तांबं-पितळ टँकजवळ नको, पूजेचं तीर्थही नको.

२. मीठ: एकच ब्रँड, एकच पद्धत

लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०२६. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आधी पाणी, मग मीठ हळूहळू, पंप चालू ठेवून. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, की तळाशी खूप दाट द्रावण होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट तिथल्या तिथे पांढरे होऊन बसतात आणि मग तुम्ही म्हणणार मिठाची पिशवी खराब होती. टँकमध्ये थेट मीठ तर कधीच टाकू नका.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या लिक्विडने कॅलिब्रेट करा, साध्या पाण्याने शून्य लावून नाही. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, शून्यावर बरोबर आणि ३५ वर दीड-दोन पॉइंट चुकीचे. काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की तो काहीही दाखवतो.

मिठाच्या ब्रँडमध्ये अल्कलिनिटी खूप वेगवेगळी असते, कुणाची ७-८, कुणाची १२ च्या आसपास. समजा तुमचा टँक ७.५ वर आहे आणि मीठ ११ वालं. १० टक्के पाणी बदललं तर टँक ७.८५ होतो, कळतही नाही. पण ३० टक्के बदललं तर एकदम ८.५ च्या पुढे. म्हणून आठवड्याला १० टक्के, आणि सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून दर वेळी नवीन मीठ नको.

आता बाष्पीभवन. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे रोजची घट गोड्या आरओ-डीआय पाण्याने भरायची, खाऱ्या नाही. ऐकायला एवढं सोपं, पण पहिल्या महिन्यात मी खारं पाणीच भरत होतो आणि खारटपणा ३८ च्या वर गेला तेव्हा कळलं. माझ्या टँकमध्ये दगड वगैरे वजा जाता पाणी साधारण १३० लिटर आहे आणि हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी असल्यावर रोज ३ लिटर उडतं. दोन दिवस विसरलं तर ३५ चं ३६.७. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारा सेन्सर आणि पंप) घ्या. ऐपत एकाच यंत्राची असेल तर महागड्या लाइटच्या आधी हे घ्या.

३. सायकल होऊ द्या

अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय काही जिवंत टाकू नका. यावर इतकं लिहिलंय सगळीकडे की मी पुढे जातो.

४. कुठले आकडे, आणि किती महत्त्वाचे

समुद्रात साधारण असं असतं: अल्कलिनिटी ७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक), कॅल्शियम ४१०-४२० पीपीएम (दहा लाखात किती भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. टँकमध्ये मी हे धरतो:

- अल्कलिनिटी: ७ ते ९ मधला कुठलाही एक आकडा. माझा ८.
- कॅल्शियम: ४०० ते ४५०
- मॅग्नेशियम: १२५० ते १३५०
- नायट्रेट: २ ते १०
- फॉस्फेट: ०.०३ ते ०.१
- तापमान: २५ ते २६ सेल्सियस, इथल्या भाषेत ७७ ते ७९

यातली "कुठलाही एक आकडा" ही गोष्ट वाचताना सुटते. ७.५ वर वर्षभर स्थिर असलेला टँक ७ ते ९.५ मध्ये झोके घेणाऱ्या टँकपेक्षा दहापट चांगला दिसतो. मित्राचा ९ वर मस्त चाललाय म्हणून तुमचा ८ वरून ९ ला न्यायची काही गरज नाहीये.

५. अल्कलिनिटी नक्की काय आहे

घर बांधायला विटा लागतात आणि सिमेंट लागतं. कोरलच्या सांगाड्यासाठी कॅल्शियम म्हणजे विटा आणि बायकार्बोनेट म्हणजे सिमेंट. दोन्ही मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे आपला चुनखडी दगडच. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळमानाने पाण्यात या सिमेंटचा साठा किती आहे ते. आता गंमत अशी की विटांचा ढीग प्रचंड आहे आणि सिमेंटची पोती मोजकी. कोरल १ डीकेएच वापरतं तेव्हा कॅल्शियम फक्त ७ पीपीएमने कमी होतं. ८ मधला १ गेला म्हणजे आठवा भाग गेला, पण ४२० मधले ७ गेले तर टेस्ट किटला ते दिसत पण नाही.

म्हणून रोज बघायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्याला एकदा, मॅग्नेशियम महिन्याला एकदा पुरे. मॅग्नेशियमचं काम असं की ते कॅल्शियम आणि कार्बोनेटला पाण्यातच एकमेकांना चिकटू देत नाही. ते खूप कमी असेल तर तुम्ही कितीही सोडा-कॅल्शियम टाका, हीटरवर आणि पंपावर पांढरे थर बसतात आणि आकडे वर जातच नाहीत. असं होत असेल तर आधी मॅग्नेशियम तपासा.

आता टेस्ट किट खरं बोलतंय का हे कसं कळणार? घरी करता येतं. २.४ ग्रॅम खायचा सोडा १ लिटर आरओ-डीआय पाण्यात पूर्ण विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन परत आरओ-डीआयने १ लिटर करा. हे झालं ८ डीकेएचचं पाणी. तुमच्या किटने ते ७.८ ते ८.२ दाखवलं तर ठीक. माझ्या एका किटने ९.३ दाखवलं होतं, तारीख बघितली तर संपून चार महिने झाले होते, आणि मी चार महिने त्या आकड्यावरून भांडत होतो टँकशी.

अजून एक, टेस्ट रोज एकाच वेळी करा. अल्कलिनिटी आणि पीएच दिवसभरात बदलतात, कारण लाइट चालू असताना कोरल जास्त वेगाने बांधकाम करतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा असं केलं तर दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते.

६. खर्च मोजा, मगच टाका

नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त घाई करतो (मी). बाटलीवर लिहिलेला डोस टाकायचा नाही. बाटली बनवणाऱ्याला तुमच्याकडे दोन कोरल आहेत की चाळीस हे माहीत नाही.

असं करा. तीन दिवस काहीही टाकू नका, पाणीही बदलू नका. रोज रात्री ९ ला अल्कलिनिटी लिहा. समजा सोमवारी ८.४, गुरुवारी ६.९. तीन दिवसांत १.५ गेली, म्हणजे रोज ०.५. झालं, हा तुमचा खर्च. रोज ०.१ च्या आसपास असेल, म्हणजे टँकमध्ये फक्त मऊ कोरल असतील, तर काही टाकायची गरजच नाही, आठवड्याचं पाणी बदललं की भरून निघतं. उगाच पंप आणि बाटल्या घेऊ नका.

७. सोडा, कॅल्शियम, नाहीतर चुना

घरच्या घरी दोन बाटल्या:

बाटली अ: ६० ग्रॅम खायचा सोडा, आरओ-डीआयने १ लिटर करा.
बाटली ब: ५२.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, आरओ-डीआयने १ लिटर करा. हे विरघळताना पाणी तापतं, घाबरू नका. फूड ग्रेडचं घ्या, रस्त्यावरचा बर्फ वितळवायचं नको.

हे प्रमाण असं धरलंय की दोन्ही बाटल्यांतून रोज सारखेच मिली टाकायचे. १०० लिटरच्या टँकला ५० मिली म्हणजे १ डीकेएच. माझा १३० लिटर आणि रोजचा खर्च ०.५, म्हणजे साडेबत्तीस मिली अ आणि साडेबत्तीस मिली ब. लिटरची बाटली महिनाभर जाते, खर्च चहापेक्षा कमी.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

खायचा सोडा म्हणजे नुसता सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नाही, इनो तर अजिबात नाही. हसू नका, मला हे दोन्ही प्रश्न आलेत.

अ आणि ब कधीच एकत्र नाही, एकाच मापानेही नाही. एकत्र आले की पाणी दुधासारखं होतं आणि दोन्ही वाया. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या, आणि जिथे पाण्याला जोर आहे तिथे ओता.

आकडा खाली गेलेला असेल आणि वर आणायचा असेल तर दिवसाला जास्तीत जास्त १ डीकेएच, शक्यतो अर्धाच. वरच्या रविवारच्या किश्शात मी एका तासात २.९ नेली होती.

उलट आकडा जास्त झाला असेल तर काहीही टाकून खाली आणू नका. डोस बंद करा, कोरल स्वतः खाली आणतं.

दर आठवड्याला डोस थोडा थोडा बदलावा लागेल कारण कोरल वाढतं तसा खर्च वाढतो. पण एकाच टेस्टवरून बदलू नका. तीन दिवस सलग घसरण दिसली तर १० टक्के वाढवा. एका दिवशी वेडावाकडा आकडा आला तर आधी टेस्ट परत करा.

हाताने टाकायचा कंटाळा आला की डोसिंग पंप घ्या, आणि दिवसाचा डोस दहा-बारा वेळांत वाटून द्या. पंपाची नळी महिन्यातून एकदा मोजपात्रात सोडून तपासा, नळ्या ढिल्या पडतात आणि ३० चे २४ मिली होतात, तुम्हाला वाटतं कोरलची भूक वाढली.

दुसरा रस्ता चुन्याचा. हॉबीतले लोक याला काल्कवासर म्हणतात, जर्मन शब्द आहे, आणि मला खूप दिवस वाटत होतं की हे काहीतरी भारी रसायन असणार. मग कळलं की अर्थ फक्त "चुन्याचं पाणी". अहो म्हणजे आपली चुन्याची निवळी! आजी लहान मुलांना द्यायची तीच. चुना पाण्यात ढवळायचा, तळाशी बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. त्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही बरोबर त्याच प्रमाणात येतात ज्या प्रमाणात कोरल वापरतं, आणि वर पीएचही चढतो. रोजच्या घटीच्या पाण्यात मिसळून दिलं की एका दगडात दोन पक्षी.

पण हे जपून. एका लिटरमध्ये जास्तीत जास्त दीड ग्रॅमच्या थोडा वर चुना विरघळतो, आणि अशा पूर्ण संपृक्त निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, हाताला-डोळ्याला लागू देऊ नका. माझ्या १३० लिटरला ०.५ डीकेएचसाठी दिवसाला ग्रॅमपेक्षा कमी चुना पुरतो. लोक ऑटो टॉप-ऑफच्या ड्रममध्ये भरपूर चुना टाकून मोकळे होतात, आणि एके रात्री सेन्सरवर गोगलगाय बसते, पंप थांबत नाही, सगळा ड्रम टँकमध्ये. सकाळी पीएच ९ आणि पाणी पांढरं. म्हणून चुन्याचा ड्रम एवढाच मोठा ठेवा की सगळा एकदम गेला तरी टँक वाचेल. आणि पानपट्टीवरचा डबीतला चुना नको, फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, डबा घट्ट बंद ठेवा. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन त्याची चुनखडी होते, ती निरुपयोगी. निवळीवर साय येते ना, ती तीच.

८. नायट्रेट-फॉस्फेट शून्य करायच्या नादी लागू नका

गोड्या पाण्यातून आलेल्यांना नायट्रेट म्हणजे घाण असं डोक्यात बसलेलं असतं. मी पण स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), मीडिया (फॉस्फेट शोषणारे दाणे), सगळं लावून दोन्ही शून्यावर आणलं आणि अभिमानाने वहीत दोन भोपळे लिहिले. तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी शेंबूड, त्यात बुडबुडे, रात्री नाहीसा होणारा आणि दुपारी परत येणारा. डायनोफ्लॅजेलेट. पाण्यात खायला काही उरलं नाही की बाकीचे जीव मागे पडतात आणि यांचं फावतं. त्यातून बाहेर यायला चार महिने लागले. कोरललाही थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतं, त्यातून अल्कलिनिटी ९ च्या वर आणि पोषण शून्य असेल तर ॲक्रोपोराची टोकं जळतात. टेस्टवर शून्य दिसलं तर माशांना थोडं जास्त खायला घाला. हॅनाचा जो चेकर पीपीबीमध्ये फॉस्फरस दाखवतो तो असेल तर आकड्याला ३.०७ ने गुणा आणि हजाराने भागा, मग पीपीएममध्ये फॉस्फेट मिळतं. हे न केल्याने लोक तिप्पट चुकतात.

९. पीएचच्या मागे धावू नका, खिडकी उघडा

टँकचा पीएच रात्री ७.८, दुपारी ८.२ असा फिरतो, चालतं. पीएच वाढवायच्या बाटल्या मिळतात, घेऊ नका, त्या बहुतेक अल्कलिनिटीच वाढवतात आणि मग परत तोच रविवार.

पीएच कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा घरातली हवा असते. इथे जानेवारीत सगळ्या खिडक्या बंद, गॅसवर स्वयंपाक, चार माणसं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्यात उतरतो. आमच्याकडे गणपतीला पंचवीस-तीस माणसं येतात, आरतीच्या संध्याकाळी प्रोबवर ७.६ बघितलंय मी, माणसं गेल्यावर रात्रभर खिडकी किलकिली ठेवली तर सकाळी परत ८. (धूप आणि अगरबत्ती दुसऱ्या खोलीत, रूम फ्रेशनर आणि झुरळांचा स्प्रे तर टँकच्या मजल्यावरच नको.) थंडीत खिडकी उघडणं शक्य नसेल तर स्किमरची हवेची नळी भिंतीतून बाहेर काढा, माझ्याकडे त्याने पीएच ०.१५ ने वर गेला. खायच्या सोड्याऐवजी वॉशिंग सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट वापरला तरी थोडा फायदा होतो. खायचा सोडा ओव्हनमध्ये १५० सेल्सियसला तासभर भाजला की तोच तयार होतो, पण मग तेवढ्याच अल्कलिनिटीला वजन कमी लागतं, ६० ग्रॅमच्या जागी ३८.

१०. तापमान आणि वीज

एक मोठा हीटर घेऊ नका, दोन छोटे घ्या, आणि दोन्ही कंट्रोलरवर. हीटर बिघडताना कधी कधी चालू अवस्थेत अडकतो आणि टँकचं सूप होतं, छोटा असेल तर एकट्याला तेवढं तापवता येत नाही. पुण्या-नागपूरकडे मे महिन्यात उलटा प्रश्न, तिथे पाण्यावर पंखा लावा, पण पंख्याने बाष्पीभवन दुप्पट होईल आणि टॉप-ऑफचं पाणी तेवढं लागेल, नाहीतर चिलर.

वीज गेली तर आधी ऑक्सिजन, मग तापमान. बॅटरीचा एअर पंप लगेच लावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त फिरवणारा पंप जोडा, लाइट नको.

११. भारतात तीन आठवडे जाताना

आमचे सगळे अपघात दिवाळीच्या सुट्टीत झालेत. आता हे करतो. निघण्याआधी दहा दिवस काहीही नवीन नाही, ना कोरल, ना मीडिया, ना नवीन मीठ. डोस नेहमीच्या ९० टक्क्यांवर, कारण थोडं कमी पडलं तर टँक हळूहळू खाली येतो पण जास्त झालं तर चढत जातो. टॉप-ऑफचा ड्रम साध्या पाण्याचा, चुना बंद. माशांचं खाणं गोळ्यांच्या आठवड्याच्या डबीत वार घालून भरायचं आणि बाकीचा डबा चक्क कपाटात कुलपात, कारण शेजाऱ्याला मासे नेहमी उपाशी दिसतात. शेजाऱ्याला फक्त तीन कामं लिहून द्यायची: डबीतलं खाणं टाक, ड्रममध्ये पाणी आहे का बघ, थर्मामीटरचा फोटो पाठव. टेस्ट किट त्याच्या हातात द्यायचं नाही. मागच्या वर्षी मी पुण्यातून व्हिडिओ कॉलवर शेजाऱ्याकडून अल्कलिनिटी मोजून घेतली, त्याने थेंब मोजताना मध्ये फोन घेतला, ११.२ आली, आणि मी तिकडे रात्री दोन वाजता डोसिंग पंप बंद करायला लावला. परत येऊन बघितलं तर ५.९.